ज्यांची साक्ष अजून बाकी आहे

नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये सहज विचारलं की तुमच्याकडे हा विश्वास आला कसा, तर उत्तराची सुरुवात बहुधा आजारपणापासून होते. आजीला झटके यायचे. बापाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. धाकटा पोरगा सुकत चालला होता. भगताकडे जाऊन कोंबडी झाली, बोकड झाला, उसनवारी झाली. मग पलीकडच्या गावातल्या नातेवाइकाने पाळकाला बोलावून आणलं, घरात प्रार्थना झाली आणि माणूस उठून बसला. त्यानंतर ते घर रविवारी मंडळीत जाऊ लागलं. ग्रंथ वाचून किंवा वादात हरून इथं फारसं कुणी ख्रिस्ताकडे आलेलं नाही. लोक दुखणं घेऊन आले.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शुभवर्तमानातली माणसंही अशीच आली. बारा वर्षं रक्तस्राव सोसलेली आणि वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवून बसलेली बाई, छप्पर उकलून खाली सोडलेला पक्षाघाती, रस्त्याच्या कडेला बसून हाका मारणारा आंधळा बार्तीमय. त्यांच्यापैकी कुणीही आधी त्रैक्याचा सिद्धान्त समजून घेतला नव्हता. बाहेरचे लोक नवापूरच्या साक्षींना कधी भाबडेपणा म्हणतात, कधी त्यांत लालूच शोधतात. ज्याच्या पोराचा ताप उतरलाय त्याला त्या क्षणी या दोन्ही शब्दांशी काही देणंघेणं नसतं.

पण साक्षीच्या वेळी मंडळीत आणखीही कुणी बसलेलं असतं. मागे, भिंतीला टेकून. त्यांच्यासाठीही प्रार्थना झाली होती, कपाळाला तेल लावलं होतं, उपास धरले होते. तरी पोरगी गेली. नवऱ्याचा अर्धांगवायू तसाच राहिला. गाठ वाढतच गेली. माईक त्यांच्याकडे जात नाही आणि तेही तो मागत नाहीत. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ही प्रस्तावना लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तीच माणसं आहेत.

नवापूर हे हद्दीवरचं गाव. सुरत–भुसावळ मार्गावरच्या इथल्या स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते, फलाटाचा एक भाग या राज्यात आणि उरलेला त्या. दुखणं वाढलं की इकडची माणसं व्यारा, सुरत गाठतात, आणि सभा असली की उच्छल, सोनगडची माणसं इकडे येतात. एकाच उपासनेत गाणं गुजराती, वचन मराठी आणि शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना मावची या इथल्या आदिवासी बोलीत, हे इथं नेहमीचं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात आली. हीच संस्था पुढे टीम या नावाने ओळखली गेली. या मिशनच्या कामातून मंडळ्या उभ्या राहिल्या आणि याच तालुक्यात चिंचपाड्याला स्वातंत्र्यापूर्वीच दवाखाना सुरू झाला. चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल या नावाने तो आजही चालू आहे, इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या छत्राखाली. पुढच्या काळात पेन्टेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या वाढल्या. त्यांचे पाळक इथल्याच आदिवासी घरांतले, इथलीच भाषा बोलणारे. चंगाई सभा, उपवास-प्रार्थना, अभिषेकाचं तेल, बाधेवरची प्रार्थना ही त्यांची ओळख झाली. जुन्या परंपरेच्या मध्यभागी दवाखाना होता, नव्या परंपरेच्या मध्यभागी चंगाई आली. दोघी एकाच प्रभूचं नाव घेतात, एकमेकींच्या लग्नांना जातात, पण आजारी माणसाच्या खाटेशी देव नेमकं काय करतो याविषयी दोघींमध्ये मोकळं बोलणं अजून झालेलं नाही.

त्या बोलण्याची सगळ्यात कठीण परीक्षा आपल्या जिल्ह्यात सिकलसेल घेतो. हा आजार रक्तातला आणि आईबापांकडून आलेला. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल पूर्ण आजारी निघण्याची शक्यता चारात एक. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं जीव घेणारी कळ उठते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशभराची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठरलं. ते चांगलंच झालं. पण जी मुलं आज दहा-बारा वर्षांची आहेत त्यांची रात्र त्यामुळे सरत नाही.

असं एक घर मी जवळून पाहिलं. कुडाच्या भिंती, आत शेणानं सारवलेलं, खांबाला अडकवलेल्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं आणि शाळेच्या दप्तरात तपासणीचा कागद. थंडीचे दिवस. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर आणि आई चुलीत तापवलेला विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून तिची मांडी शेकतेय. वीट निवली की दुसरी. बापानं मोबाईल स्पीकरवर टाकून उशाशी ठेवलेला. पलीकडून पाळक प्रार्थना करतायत, मोठ्यानं, मनापासून, मध्येच रेंज जाते, पुन्हा फोन लागतो, पुन्हा प्रार्थना. पहाटेकडे मुलीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. सलाईन, वेदनाशामक, ऑक्सिजन. चार-पाच दिवसांनी ती घरी आली आणि रविवारी आईनं उभं राहून साक्ष दिली. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच भिजण्यानंतर कळ परत आली. मग कुणीतरी, आईच्या भल्यासाठीच, तिला बाजूला घेऊन सांगितलं की गोळ्यांवर भरवसा ठेवलास म्हणून असं झालं, पूर्ण विश्वास ठेव. आईनं गोळ्या बंद केल्या. त्यानंतरचा झटका आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता.

मुलगी वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण बरी झाल्यावर तिनं आईला जे विचारलं ते मला विसरता येत नाही: माझ्यामुळे देव रागावलाय का?

या पुस्तकाचं सगळं प्रयोजन या एका प्रश्नात आहे, आणि ख्रिस्ती माणसानं त्याचं पहिलं उत्तर न अडखळता द्यायला हवं: नाही. हे उत्तर माझ्या मायेतून आलेलं नाही, शास्त्रातून आलेलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात की पाप याचं की याच्या आईबापांचं. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिष्यांना कारण हवं होतं. तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट आहे. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांहून जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू बजावून सांगतो. ईयोबाचे मित्र तर बिचारे सात दिवस गप्प बसले होते तेव्हा फार चांगले होते. तोंड उघडून त्याच्या पापाचा शोध घ्यायला लागले तिथून बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर.

तरीही आरोपी शोधण्याची सवय आपली सुटत नाही. आपल्या भागात ती जुनी आहे आणि तिची किंमत बायांनी मोजली आहे. घरात मूल मेलं, बैल मेला, की नजर लावणारी कोण हे विचारलं जायचं आणि गावातल्या एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, जमिनीचा तुकडा बाळगून असलेल्या बाईला डाकीण ठरवलं जायचं. सातपुड्याच्या पट्ट्यात हे पूर्ण संपलंय असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असं कुणाला ठरवणं, भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडे करणं, हे सगळं गुन्हा ठरवलं. ख्रिस्ती मंडळीनं या कायद्याकडे संशयानं पाहण्याचं कारण नाही. जो प्रभू आंधळ्याच्या आईबापांना दोषमुक्त करतो त्याच्या अनुयायांनी तर याच्या आधी उभं राहायला हवं होतं. पण डाकीण मानणं सोडल्यावर आपण काय केलं? बोट दुसरीकडे वळवलं. आधी शेजारीण दोषी होती, आता रुग्णाचं लपलेलं पाप दोषी आहे, किंवा त्याच्या आईचा कमी पडलेला विश्वास. आरोपी बदलला, खटला तोच राहिला.

सिकलसेलविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ज्यांच्या रक्तात या बदलाची एकच प्रत असते त्यांना मलेरिया जीवघेणा होण्यापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. जंगलात, पाणथळीत, डासांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांमध्ये हा बदल टिकला तो त्यामुळे. एक प्रत आली तर राखते, दोन आल्या तर छळते. हे ऐकून त्या मुलीची कळ कमी होणार नाही आणि देवानं असं का होऊ दिलं याचंही हे उत्तर नाही. पण ज्या रक्तानं तिच्या पणजोबांना तगवलं तेच रक्त तिला छळतंय, यात कुणाच्या पापाचा हिशेब बसवायला जागाच उरत नाही. निर्मिती चांगली आहे आणि निर्मिती कण्हते आहे, या पौलाच्या दोन्ही म्हणण्यांचा अर्थ मला कुठल्या भाष्यापेक्षा या एका पेशीत जास्त कळला.

आता मोठा प्रश्न. देव सर्वसमर्थ असेल तर वाईटावर त्याची सत्ता कशी मानायची? याच्यावर ख्रिस्ती विचारवंतांचं एकमत नाही, आणि ते आहे असं भासवणं अप्रामाणिक होईल. ऑगस्टीननं म्हटलं की वाईटाला स्वतःचं अस्तित्व नाही, चांगल्याचा जिथं अभाव तिथं ते दिसतं. कॅल्विननं देवाच्या योजनेबाहेर काहीही न ठेवण्याचा आग्रह धरला. दुसरे म्हणतात की देवानं माणसाला खरंखुरं स्वातंत्र्य दिलं आणि त्याचे परिणाम सोसण्याचंही पत्करलं. सी. एस. लुईसनं १९४० मध्ये वेदनेच्या प्रश्नावर एक नेटकं, तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं. वीस वर्षांनी पत्नी कॅन्सरनं गेली तेव्हा १९६१ मध्ये टोपणनावानं दुसरं लिहिलं, आणि त्यात तो देवाशी भांडताना, रडताना, तुटताना दिसतो. दोन्ही पुस्तकं एकाच विश्वासू माणसाची आहेत. ज्याला फक्त पहिलं ठाऊक आहे त्यानं रुग्णाच्या घरी जाऊ नये असं मला वाटतं. युर्गेन मोल्टमन १९४३ च्या हॅम्बुर्गवरच्या बॉम्बफेकीत किशोरवयात सापडला. शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि हा वाचला. पुढे युद्धकैदी असताना त्याच्या हाती बायबल आलं. १९७२ मध्ये त्यानं वधस्तंभावरच्या देवाविषयी जे पुस्तक लिहिलं त्याचा गाभा असा की देव दुःखाच्या पलीकडे सुरक्षित बसलेला नाही, क्रुसावर तो स्वतः त्यात उतरला आहे. हे सगळं पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलं आहे, म्हणून इथं थांबतो.

नवापूरपुरतं मात्र एक सांगायला हवं. देवाच्या सत्तेची शिकवण इथं कोरड्या सिद्धान्तासारखी आली नाही, ती भीतीतून सुटका म्हणून आली. ओढ्याकाठी, विशिष्ट झाडाखाली, अवसेच्या रात्री, बाळंतिणीच्या खोलीत, सगळीकडे कुणीतरी टपून आहे या जाणिवेत वाढलेल्या माणसाला जेव्हा कळलं की यातलं काहीही ख्रिस्ताहून मोठं नाही, तेव्हा तो रात्री एकटा शेतावर जाऊ लागला. हे मी माझ्या नातलगांत पाहिलंय. याला मी सुवार्ता म्हणतो. ईयोबाच्या गोष्टीत सैतानालाही परवानगी मागावी लागते. तो देवाच्या बरोबरीचा नाही. म्हणूनच अलीकडे काही सभांमधून जे ऐकू येतं त्यानं मला काळजी वाटते. सर्दी झाली सैतान, गाडी पंक्चर झाली सैतान, मुलगा नापास झाला सैतान. प्रत्येक वाक्यात त्याचं नाव घेऊन घेऊन आपण त्याला पुन्हा ओढ्याकाठी नेऊन बसवलं आहे. ज्या भीतीतून आजोबा सुटले तीच नातवाला नव्या नावानं परत दिली जातेय.

आणि उलट बाजूनं 'देवाची इच्छा' हे दोन शब्द आहेत. अंत्यविधीला ते बोलले जातात तेव्हा त्यांत प्रेम असतं, मी जाणतो. देवाच्या हातून आपलं माणूस निसटलेलं नाही, एवढंच बोलणाऱ्याला म्हणायचं असतं. पण धडगाव–अक्कलकुव्याच्या डोंगरातून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून चार माणसं उतरतात, रस्त्याला लागेपर्यंत ती किंवा बाळ दगावतं, आणि मग कुणी म्हणतो की देवाची इच्छा. रस्ता न होणं ही देवाची इच्छा होती? ॲम्ब्युलन्स बंद पडून राहणं, आरोग्य केंद्रात डॉक्टर नसणं, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं पोर वजन न करता, लस न टोचता वर्षभर भटकणं? बायबलमधले संदेष्टे, आमोस आणि यशया, अशा गोष्टींना देवाची इच्छा म्हणत नाहीत. ते त्यांना पाप म्हणतात आणि ते कुणाचं आहे हेही सांगतात. इथं मात्र आरोपी शोधायचा असतो, आणि नेमक्या याच जागी आपण शोधत नाही. रुग्णाच्या मनात पाप धुंडाळणारी मंडळी ग्रामसभेत रुग्णवाहिकेचा प्रश्न विचारायला उभी राहत नाही, हे मला फार टोचतं. देव सार्वभौम आहे याचा अर्थ माणसं जबाबदार नाहीत असा कधीच नव्हता. योसेफानं भावांना क्षमा केली, देवानं त्यांच्या वाईटातून भलं घडवलं असंही म्हटलं, पण त्यांनी केलं ते वाईटच होतं हे त्यानं त्याच तोंडानं सांगितलं.

बरं होण्याविषयी बोलू. मी प्रार्थनेनं माणसं बरी होतात असं मानतो. काही गोष्टी मी अशा पाहिल्या आहेत ज्यांचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ते शोधायची मला घाईही नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंय, तेव्हा खोबरेल तेलाची बाटली घेऊन पाड्यावर जाणारा पाळक शास्त्राप्रमाणेच वागतो आहे. पण त्याच नव्या करारात न बरे झालेले लोक आहेत, आणि त्यांच्यावर इथं मी क्वचितच संदेश ऐकला आहे. पौल आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर आणि पोटावर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे औषधच सांगितलं. एपफ्रदीत मरणाच्या दारात पोचला होता. स्वतः पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. काट्यासकट जगायला पुरेल एवढी कृपा मिळाली. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिसात माणसं बरी होत होती त्याच पौलाची ही गोष्ट. मग याच्या विश्वासात काय उणं होतं? त्याच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्यही होता हे आपण विसरतो. जुन्या करारातला अलीशा, ज्यानं नामानाचं कोड बरं केलं, तो शेवटी आजारानंच मेला.

गेथशेमानेत येशूनं स्वतःसाठी मागितलं ते त्याला मिळालं नाही. मला तर वाटतं, न बरं झालेल्या प्रत्येक माणसाला सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट आपल्याकडे नाही, आणि ती सांगायला आपण का कचरतो हे मला कळत नाही.

चिंचपाड्याच्या हॉस्पिटलमधून घरोघर जाऊन केलं जाणारं पॅलिएटिव्ह केअरचं काम या दृष्टीनं मला फार मोलाचं वाटतं. कॅन्सर बरा होणार नाही हे ठरल्यावर शहरातला मोठा दवाखाना सहसा म्हणतो की घरी न्या. घरी म्हणजे कुठं, कसं, जखमेचा वास, रात्रीची तगमग, तोंडात न जाणारं पाणी, याचं काय, हे कुणी सांगत नाही. तिथून पुढचं काम हे लोक करतात. मॉर्फिनची मात्रा ठरवणं, जखम धुणं, सुनेला पाठ कशी फिरवायची ते शिकवणं, आणि रुग्णाला हवी असेल तर प्रार्थना. यात चमत्काराची साक्ष कधी होत नाही. पण ख्रिस्ती आरोग्यसेवेचा अर्थ कुणी विचारला तर मी चंगाई सभेच्या मंडपाइतकंच या खाटेकडेही बोट दाखवीन.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे शिकण्यासाठी परदेशी पुस्तकांत जावंच लागतं असं नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. त्यांच्या आयुष्यातली दुःखं नुसती ओळीनं मांडली तरी छाती दडपते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात तीर्थं फिरता फिरता आईबाप उपाशी गेले, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये नवरा पटक्यानं गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, कडेवर लेक मनोरमा. त्या इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर होऊन परत येण्याच्या इराद्यानं. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागलं आणि वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवानं त्यांचे कान बरे केले नाहीत. बहिऱ्या कानांनी त्या परत आल्या, १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून हाडांचे सापळे झालेल्या मुली केडगावला आणल्या. दुष्काळानं ज्यांचं सगळं नेलं त्यांनी दुष्काळ पडताच काय करावं याचं उत्तर त्यांनी जन्मभर दिलं. आणि १९०५ मध्ये त्यांच्या या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते जागरण झालं ज्याचा उल्लेख जगभरच्या पेन्टेकॉस्टल इतिहासात येतो. म्हणजे आज नवापूरच्या मंडपात जी प्रार्थना होते तिच्या मराठी मुळाशी एक बहिरी बाई आहे, जिचे स्वतःचे कान कधी बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतर वर्षही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं केलं होतं.

रमाबाईंच्या आयुष्याचा अर्थ लावताना कुणी घाईनं म्हणू नये की देवानं दुःख दिलं ते या कामासाठीच. आईबापांची उपासमार ही कुणाच्या प्रशिक्षणाची किंमत असू शकत नाही. देव वाईटातून चांगलं काढतो हे मी मानतो. चांगलं निघावं म्हणून तो वाईट पेरतो हे मला मान्य नाही. हा फरक बारीक वाटेल, पण मूल गमावलेल्या आईशी बोलताना सगळं या फरकावर उभं असतं.

या पुस्तकात विलापाच्या स्तोत्रांना बरीच जागा दिली आहे. स्तोत्रसंहितेतला मोठा भाग रडण्याचा, तक्रारीचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याला शेवटी आशेची ओळसुद्धा जोडलेली नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या उपासनेत मात्र गाणी बहुतेक विजयाची. मावची आणि कोकणी या इथल्या आदिवासी बोलींत मयतावर बायका जे रडगाणं रडतात त्यात मेलेल्याशी बोलणं असतं, विचारणं असतं, रागावणं असतं. ख्रिस्ती झाल्यावर काही ठिकाणी ते बंद करायला लावलं गेलं, रडणं म्हणजे अविश्वास म्हणून. ते परत यावं असं मला मनापासून वाटतं, देवाला उद्देशून, आपल्या भाषेत, आपल्या चालीत. लाजराच्या कबरीपाशी येशूला पुढे काय होणार हे ठाऊक होतं, तरी तो आधी रडला.

पुस्तक कसं वाचावं याविषयी दोन शब्द. ज्यांच्या घरी सध्या कुणी आजारी आहे त्यांनी देवाची सत्ता आणि वाईटाचा उगम यांवरची सुरुवातीची प्रकरणं तूर्त बाजूला ठेवावीत आणि विलापावरचं प्रकरण, मग गेथशेमानेवरचं, असं घ्यावं. गटानं वाचणार असाल तर मोठ्यानं वाचा, आणि ज्यांना मराठी पुस्तकी वाटते त्यांच्यासाठी कुणीतरी मावचीत सांगत जा. पाळकांना माझी विनंती एवढीच की सिकलसेलवरच्या प्रकरणाच्या दिवशी गावच्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना बोलवा, तपासणी कुठं होते, गोळ्या कुठं मिळतात, लग्नाआधी दोघांनीही तपासून घेणं का बरं, हे त्यांच्या तोंडून मंडळीत सांगितलं जाऊ द्या. आणि त्या रविवारी साक्षीची वेळ झाली की माईक मागे, भिंतीपाशी बसलेल्यांकडे पाठवा. त्यांनी काही न बोलता पुढे सरकवला तरी चालेल.